शून्य नंबरची होडी

आमच्या शाळेच्या स्टाफरूमला समुद्राकडे उघडणारी एकच खिडकी होती आणि तिच्याजवळची खुर्ची कुबल सरांची होती. मी नवीन आले तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. मग लक्षात आलं, की हा माणूस खिडकीकडे पाठ करून बसतो. वारा मागून येई, टेबलावरचे आलेखाचे कागद उडवी, सर ते एका हाताने दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने वह्या तपासत. एवढा त्रास होत असून खिडकी लावून घेत नसत, की खुर्ची फिरवत नसत. मी कऱ्हाडची. समुद्र म्हणजे सहलीत पाय भिजवायची जागा, एवढीच माझी अक्कल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी म्हटलं, "सर, तुम्हाला नको असेल तर मला द्या की ती जागा."

"घेवा की बाई," सर म्हणाले. "फक्त थंय काय दिसता तां माका सांगू नकात."

असं ऐकल्यावर कोण घेईल? मी आपली दाराजवळच बसले, ती पुढची नऊ वर्षं. त्यामुळे झालं काय, की सरांकडे बघितलं की त्यांच्या चेहऱ्यामागे नेहमी समुद्र असायचा. मला सर आठवतात ते तसेच.

सर तोंडवलीचे. मासेमारीचं घर. घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, कणकवलीला राहून गणित शिकलेला. लग्न केलं नव्हतं, म्हातारी आई आणि ते असे दोघंच. अंगात कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाऐवजी खडू. साहेब लोक आले की छापील मराठी बोलत, मुलांशी आणि कॉम्प्युटरशी मात्र मालवणी. कॉम्प्युटर अडला की त्याला "कित्याक रे रुसलंस?" म्हणून विचारत. आणि मासे खात नसत. तोंडवलीच्या घरात जन्मलेला माणूस डब्यात वालीची भाजी घेऊन येतो, हे आमच्या स्टाफरूमला काही पचत नव्हतं. सगळे चेष्टा करायचे. सर नुसते हसायचे.

लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलात गेली. आम्ही बाकीच्यांनी पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून पाठवले आणि कर्तव्य पार पाडलं. कुबल सरांनी कुठूनसा एक फुकटचा ऑनलाईन गृहपाठ शोधून काढला. त्यात प्रत्येक मुलाला तोच प्रश्न पण वेगळे आकडे, म्हणजे शेजारच्याचं बघून लिहायची सोय बंद. तेवढ्यावर ते थांबले असते तर मी हे लिहायला बसले नसते. त्यांनी प्रश्नाच्या पोटात खेळ घालायला सुरुवात केली. प्रश्न वाचता वाचता मधेच एक चौकोन उघडायचा, त्यात खेळ. खेळात मुलाने जे केलं ते आकडे आपोआप प्रश्नाकडे जायचे आणि प्रश्न ते तपासायचा. "खेळ प्रश्नाशी बोललो नाय तर तो नुसतो खेळ," सर म्हणत, "आणि प्रश्न खेळाशी बोललो नाय तर ती नुसती परीक्षा." हे दोघांचं बोलणं जमवायला त्यांना एक अख्खा पावसाळा लागला.

त्यासाठी त्यांनी एक जुना, काच तडकलेला फोन मुद्दाम विकत घेतला होता. प्रत्येक खेळ आधी त्या फोनवर, तोही डाव्या हाताच्या अंगठ्याने खेळून बघायचे. मी विचारलं, डाव्या का? तर म्हणाले, "उजव्या हातात पोरग्यांच्या काय तरी असताच बाई. धाकटो भाव असता नायतर भाकरी असता."

शाळा पुन्हा भरू लागली तरी हा गृहपाठ चालू राहिला. त्यांचा सगळ्यात लाडका खेळ होडीचा. पडद्यावर चौकटी आखलेला समुद्र, खालच्या कडेला किनारा. प्रश्न माशांची जागा सांगणार, मुलाने दोन आकडे द्यायचे, होडी तिथे जाणार आणि जाळं टाकणार. पुस्तकाचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, आडवा आकडा आधी, उभा नंतर. म्हणजे किनाऱ्याने बाजूला किती घरं, ते आधी. समुद्रात आत किती घरं, ते नंतर. बरोबर आलं तर जाळं भरून येई. चुकलं तरी लाल फुली येत नसे. होडी त्या चुकीच्या जागी जायची, रिकामं जाळं ओढायची आणि तिथेच उभी राहायची. मुलाने गृहपाठ अर्धा टाकला तरी खेळ विसरत नसे. दुसऱ्या दिवशी उघडलं की होडी सोडली होती तिथेच, आणि खाली बारीक अक्षरात शेवटची नोंद किती वाजताची ते. मुलं रडवेली होऊन आली की सर म्हणत, "चुकलेली होडी खंय गेली तां बघ आधी." हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की खात्याचे एक साहेब शाळा बघायला आले, हौसेने खेळले आणि जाळं रिकामं आलं, तेव्हा सर त्यांनाही शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, चुकलेली होडी कुठे गेली ते आधी बघावं." साहेबांनी खरंच वाकून बघितलं.

या सगळ्यात माझं काम भाषा तपासायचं. त्यासाठी सरांनी आपला पासवर्ड मला दिला होता. तो पासवर्ड जगात आम्हा दोघांकडेच होता, हे इथेच सांगून ठेवते. मी लिहायचे, "होडीचे स्थान निश्चित करा." सर वाचून म्हणायचे, "असां कोण ईचारता बाई? होडी खंय आसा, असां ईचारतत." भांडून भांडून आम्ही "होडी कुठे आहे?" वर तडजोड केली.

त्या खेळात एक गंमत सारखी घडायची. शेतकऱ्यांची मुलं चुकायची ती बेरजेत वगैरे. मच्छीमारांची मुलं मात्र हटकून एकच चूक करायची, आकडे उलटे टाकायची. आत किती ते आधी, बाजूला किती ते नंतर. आठवीतल्या चैतालीचे वडील तक्रार करायला आले, की गृहपाठाच्या नावाखाली पोरगी खेळत बसते, आणि तिथेच बाकावर बसून स्वतः खेळायला लागले. दहा प्रश्न सोडवले, दहाही उलटे. वैतागून म्हणाले, "अहो सर, पाण्यात गेलेलो माणूस आधी आत किती गेलो तां बघतलो. मगे कुठल्या खुणेच्या समोर तां. बाजूचा काय, बाजूचा किनाऱ्यान चलान येवक येता."

ते गेल्यावर मी आपली सहज म्हणाले, "सर, त्यांचंही खरंच आहे. या मुलांपुरते दोन्ही प्रकार बरोबर धरा की. कुणाचं काय बिघडतंय?"

सरांना मी नऊ वर्षांत चिडलेलं पाहिलं ते त्या एका दिवशी. त्यांनी कागद दाबून धरलेला हात उचलला, सगळे कागद खोलीभर झाले. "दोनय बरोबर म्हटल्यार माणूस खंय शोधूचो?" असं मोठ्याने म्हणाले आणि खाली बसून कागद गोळा करू लागले. मी पण बसले गोळा करायला. मला खरं तर राग आला होता. एवढं ओरडण्यासारखं मी काय बोलले होते?

प्रत्येक गृहपाठाला एक खोटा विद्यार्थी लागतो. मुलांना प्रश्न कसा दिसेल ते शिक्षकाला आधी बघता यावं म्हणून. लोक त्याला 'चाचणी' वगैरे काहीतरी नाव देतात. सरांच्या यादीत सगळ्यात वर, हजेरी क्रमांक शून्य, नाव होतं बाबल कुबल. मी विचारलं हा कोण, तर म्हणाले, "माझो धाकटो भाव."

"कुठे असतो?"

"समुद्रात."

मी समजले बोटीवर नोकरीला असेल. पगार चांगला असतो म्हणतात, असंही काहीतरी बोलले. ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

या बाबलची होडी किनाऱ्यापासून पाच घरं आत, दोन घरं बाजूला उभी असायची. सर रोज मधल्या सुट्टीत त्याचं पान उघडून बघायचे आणि मिटायचे. प्रश्न तपासताना मलाही ती दिसायची. दोन वर्षं ती तिथेच होती. मग एका आषाढात, भर दुपारी, वर्गाला चित्रकला असताना मी एका शब्दाची वेलांटी सुधारायला पान उघडलं आणि होडी चार घरांवर दिसली. बाजूला दोनच, आत मात्र चार. सरांनी हलवली असणार, म्हणून मी सोडून दिलं. श्रावणात ती तीनवर आली. त्या दिवशी सर मधल्या सुट्टीत पान उघडून नेहमीपेक्षा बराच वेळ बसले. घंटा झाली तरी उठले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांच्यामागे समुद्राकडे. तेव्हा पहिल्यांदा मला त्या खिडकीची भीती वाटली. कारण विचाराल तर सांगता येणार नाही, पण वाटली.

श्रावणातच सरांना लेप्टो झाला. कणकवलीला ऍडमिट केलं. मी रविवारी सकाळी भेटायला गेले, तेव्हा ताप उतरला होता पण डोळे पिवळे आणि हाताला सलाईन. माझ्याशी ते सहसा घरचं बोलत नसत. त्या दिवशी मात्र मी खुर्ची ओढून बसले न बसले तोच सांगू लागले.

बाबल त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. नववीत गणितात आपटला आणि शाळा सोडून छोट्या होडीवर जाऊ लागला. सर तेव्हा कॉलेजात. शिकलेल्या विद्येचा घरी काही उपयोग व्हावा म्हणून त्यांनी तोंडवलीसमोरचा समुद्र चौकटींच्या कागदावर आखला, घराघराला आकडे दिले आणि कागद बाबलला पाठ करायला लावला. आडवा आधी, उभा नंतर, हे त्याच्याकडून शंभर वेळा म्हणून घेतलं. मोबाईल तेव्हा नवीनच आले होते. एके दिवशी वारा फिरला, बाबलचं इंजिन बंद पडलं, आणि त्याने फोन केला. "दादा, पाच न दोन," एवढं बोलला आणि फोन तुटला.

"बापूस आणि चार जण होडी काढून तयार होते," सर म्हणाले. "वारो असो, की एकच फेरी जमतली. माका ईचारल्यानी, खंय? मी कागद बघून सांगितलंय. बाजूक पाच घरां, आत दोन. पुस्तकात आसा तसां."

वडील आणि ते चार जण गेले. पाच घरं बाजूला, दोन घरं आत, सगळं पाणी धुंडाळून आले. तिथे कोणी नव्हतं. नंतर तीन दिवस समुद्राने होडी काढू दिली नाही. चौथ्या दिवशी वडील दुसऱ्याच कुणाच्या जाळ्याविषयी बोलत होते, आणि बोलताना आत किती ते आधी म्हणाले. सर ओट्यावर जेवत होते. हातातला घास त्यांनी तसाच ठेवला.

"तो पाच आत होतो, बाई. शंभर वेळा शिकयलेला सगळा विसारलो. भियालेलो माणूस घरातला गणित करता." मग म्हणाले, "बापूस गेलो, तेका सांगूक नाय. आयेक सांगूक नाय. ती अजून तेचां ताट वाडता."

 वीस वर्षं हा माणूस समुद्राकडे पाठ करून बसला आणि आम्ही त्याच्या डब्यावर विनोद केले. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. सरांनी उशीखालून तो तडकलेला फोन काढला, बाबलचं पान उघडून मला दाखवलं. होडी तीनवर होती. "आयेक रोज सांजेक होडी दाखवतंय. चार दिवस झाले, तिका चैन पडाचा नाय. तुमी जाशात?"

फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि मालवणची एसटी पकडली. पर्स सगळा वेळ माझ्या मांडीवर होती. मालवणहून रिक्षा केली. तोंडवलीला पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. पाऊस नव्हता, ऊन रखरखत होतं आणि वाडीत चिटपाखरू नव्हतं. सरांची आई पडवीत समुद्राकडे तोंड करून बसली होती. मी कोण ते सांगितलं, सर बरे आहेत ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खंय पोचलो?"

मी फोन काढून पान उघडलं. होडी दोनवर होती.

मी पान मिटून पुन्हा उघडलं. दोनच. खाली नोंद होती दुपारी बारा वाजून दहा मिनिटांची. बारा वाजून दहा मिनिटांनी मी एसटीत होते, फोन मांडीवरच्या पर्समध्ये होता, आणि सर चाळीस किलोमीटरवर सलाईन लावून पडले होते.  म्हातारीने मान पुढे केली, बघितलं, पण काचेला बोट लावलं नाही. सर नंतर म्हणाले, ती कधीच लावत नाही, पाणी हलेल म्हणते.

"दोनार इलो," ती म्हणाली. "बाराक भरती लागली मां. भरतेबरोबर येता."

मी आत पाणी प्यायला गेले. चुलीजवळ एक ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलं होतं. पाणी न पिताच मी बाहेर आले आणि रिक्षावाल्याला हाक मारली. इतकी घाबरट मी कधीच नव्हते.

सर बरे होऊन शाळेत आले. मी मनाशी ठरवलं होतं, की सगळं सांगायचं आणि विचारायचं, की हे तुम्ही कसं करता? काहीतरी वेळ लावून ठेवायची युक्ती असेल, गणितवाल्यांना काय येत नाही? पण मी तोंड उघडायच्या आत तेच माझ्याजवळ आले. दाराजवळच्या माझ्या खुर्चीपाशी उभे राहिले आणि हात जोडले.

"बाई, होडी तुमी हलयतास तां माका म्हायत आसा. पासवर्ड तुमच्याकडेच. आयेक किती बरां वाटता सांगू? तुमचे उपकार झाले."

मी हादरलेच. मी हलवते? मी त्यांच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर एक सैलपणा होता, जो मी आधी कधी पाहिला नव्हता. वीस वर्षांनी कुणाला तरी खरं सांगितलेला, आणि वर कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतंय असं समजलेला माणूस होता तो. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. मी नुसतं, "असू दे हो," म्हणाले आणि वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गावर गेले. खोटं मी बोलले नव्हते, पण खरंही बोलले नव्हते, आणि ते मला फार दिवस टोचत राहिलं. शिवाय, मी नाही आणि ते नाहीत, तर मग कोण, हा प्रश्न होताच. तो मी दुपारच्या वेळी मनात आणत नसे.

भाद्रपदात होडी एकवर आली. मी बघायला गेले नव्हते. सरांनीच हळूच येऊन सांगितलं आणि वर पुन्हा माझे आभार मानले.

पितृपक्षात सरांच्या वडिलांचा म्हाळ होता. मला जेवायला बोलावलं होतं. जायचा धीर होत नव्हता, पण न जाणं बरं दिसलं नसतं. भटजी पडवीत मांडामांड करत होते, सर सोवळ्यात पाटावर बसले होते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी म्हातारीजवळ बसले होते. तिने पानं वाढायला घेतली. भटजींचं, पितरांचं, माझं, सरांचं. मग हात पुसले आणि थांबली. चुलीजवळची ती जागा रिकामी होती. सरांनीही ते पाहिलं.

"आये, बाबलाचां ताट?"

"नको आता," ती सहज म्हणाली. "तो सकाळीच जेवान गेलो."

 भटजींनी मंत्र थांबवला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी फोनकडे खूण केली. फोन कोनाड्यात होता. मी उठून पान उघडलं. होडी खालच्या कडेला किनाऱ्याला लागली होती. आत शून्य, बाजूला दोन. नोंद सकाळची, आमच्यापैकी कुणी फोन उघडला नसेल अशा वेळची. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

सर पाटावरून उठले. भटजी "अहो, अहो" म्हणत राहिले. ते सरळ आत आले आणि आईच्या समोर जमिनीवर बसले. शिकवताना बोलायचे तसे शांतपणे बोलले. फोन आला होता तो, पाच न दोन, कागद, बापूस गेला ती उलटी जागा. काही गाळलं नाही. "माझ्यामुळे तो गावूक नाय, आये. मी उलटां सांगितलंय."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं आता ती काय म्हणते त्यावर हा माणूस उभा राहील किंवा इथेच संपेल.

"म्हणजे तो पाच आत होतो?" तिने विचारलं.

"होय."

"तां खूप लांब झाला रे," ती म्हणाली. "म्हणान तेका येवक इतकी वर्सां लागली." आणि तिने ओल्या हाताने सरांच्या तोंडावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा. मग बाहेर वळून भटजींना मोठ्याने म्हणाली, "बाबलाचांय नाव घेवा."

त्या दिवशी बाबलचं नाव घेतलं गेलं. सर उंच आवाजात रडले. मीही रडले. भटजींनी डोळे पुसून राहिलेला विधी पुरा केला.

त्यानंतर होडी हलली नाही. सरांनी शून्य नंबरचं नाव काढून टाकलं का, ते मला ठाऊक नाही. मी ते पान पुन्हा उघडलं नाही.

मार्गशीर्षात माझ्या नवऱ्याची सांगलीला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी तोंडवलीला निरोप घ्यायला गेले. सकाळची वेळ होती. किनाऱ्यावर रापण लागली होती. लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकलेलं आणि त्याचे दोन दोर दोन्हीकडून माणसं ओढत होती. रापणीचा नियम असा, की जो कोणी दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो. आणि दोराच्या रांगेत पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पूर्ण बाह्या कोपरापर्यंत सारून, कुबल सर उभे होते. त्यांचं तोंड समुद्राकडे होतं.

मी चपला काढल्या आणि त्यांच्या मागे दोर धरला. जरा वेळ नुसतं ओढलं. माझे तळवे चरचरायला लागले. मग मी म्हटलं, "सर, एक सांगायचं राहून गेलंय. ती होडी मी हलवली नव्हती. एकदाही नाही."

सर वळले नाहीत. "माका म्हायत आसा."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. शून्य नंबराक मी उलटो नियम लावलेलो. पयलो आकडो आत किती तेचो, बाबल सांगी तसो. तां मी कोणाक सांगूक नाय, तुमकाय नाय. तुमी हलयली असती तर पुस्तकातसारखी हलयली असती, आणि होडी भलतीकडे गेली असती." दोराचा एक हिसका बसला, सगळी रांग मागे सरकली. "ती सरळ किनाऱ्याक येय होती."

"मग माझे आभार का मानलेत?"

सर हसले असावेत. मला त्यांचे खांदे तेवढे हललेले दिसले.

"कोणाचे तरी मानूक होये होते मां, बाई?"

एवढं म्हणून त्यांनी दोर मागच्यांवर सोपवला आणि जाळ्याची कड उचलायला पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्याही नावाचे चार बांगडे वाळूत काढून ठेवले होते आणि शेजारी सरांचे चार. मी हाक मारली नाही. नऊ वर्षं मी त्यांच्या समोर बसले होते, पण त्यांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.